ऑनलाइन मागवलेलं "कागदी अक्रोडाचं कलम" : ५ पैकी २ स्टार, विदर्भवाल्यांनी घ्यायच्या आधी वाचा

आधीच सांगून टाकतो, रोप खरंच अक्रोडाचं निघालं म्हणून दोन स्टार. उरलेले तीन जाहिरातीनं खाल्ले. वेबसाइटवर लिहिलं होतं की झाड कलमी आहे, जात चँडलर आहे, तिसऱ्या वर्षी फळ धरतं आणि "महाराष्ट्रासह सर्व हवामानात यशस्वी". दुकानाचं नाव टाकत नाही, कारण हेच फोटो आणि हाच मजकूर वेगवेगळ्या नावानं सगळीकडे फिरतो आहे, रेट तेवढा बदलतो. मला ७९९ ला पडलं, कुरिअर वेगळं. एका रोपाचाच प्रश्न असता तर एवढं लिहीत बसलो नसतो, पण आमच्या गावात दोघं-तिघं एकराच्या हिशोबानं ऑर्डर द्यायला निघाले होते, संत्र्याची गळ आणि भाव दोन्ही बघून लोक वैतागलेत, मग कोणी सफरचंद म्हणतो कोणी ड्रॅगन फ्रूट कोणी अक्रोड. म्हणून म्हटलं आधी एकच मागवू, सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) लावू, मग बोलू.

आम्ही वरुडकडचे, म्हणजे संत्रेवाले हे वेगळं सांगायला नको. शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्या जवळच, लहानपणापासून जंभेरीच्या (रानलिंबाच्या) खुंटावर संत्र्याचे डोळे, म्हणजे कळ्या, बांधताना बघत आलोय, त्यामुळे कलम कुठलं आणि बियाचं रोप कुठलं हे ओळखायला आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही वेळ लागत नाही. अक्रोड इथं फळणार नाही ह्याचा अंदाज मला होताच. पण मुलीला झाड बघायचं होतं, आणि मला बघायचं होतं की ७९९ रुपयात ही मंडळी नक्की काय पाठवतात.

पार्सल जानेवारीत आलं. पॅकिंगला मी पूर्ण मार्क देईन, उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवणार नाही. लांब खोका, आत बांबूच्या काडीला बांधलेलं रोप, मुळाला ओला कोकोपीट आणि वरून प्लास्टिक, कुठं मोडलेलं नाही, बुरशीचा वास नाही. उंची साधारण दोन फूट, जाडी करंगळीएवढी, आणि पान एकही नाही. आता अक्रोड हे पानगळीचं झाड, थंडीत ते असंच उघडं असतं, आणि त्याच अवस्थेत पाठवणं बरोबर पण आहे. पण हे बाबांना कोण सांगणार. खोका उघडल्याबरोबर म्हणे, "ह्या काडीले आठशे रुपये? आपल्या वावरात पऱ्हाटीच्या गाडीभर पडल्या हायत, न्या म्हना कंपनीले." दोन दिवस घरात जो येईल त्याला ती काडी दाखवायचा कार्यक्रम चालला.

आता मुद्द्याचं. कलम असेल तर खोडावर सांधा दिसतोच दिसतो. संत्र्यात डोळा जमिनीपासून नऊएक इंचावर बांधतात, तिथं खोड जरासं वळतं, खालच्या आणि वरच्या सालीचा रंग वेगळा असतो, कापल्याचा जुना वण राहतो. ह्या रोपाला मुळापासून शेंड्यापर्यंत एक सरळ साल, कुठंही गाठ नाही वळण नाही वण नाही. मुळाजवळचा कोकोपीट धुतला तर तिथं अक्रोडाच्या कवचाची अर्धी वाटी अजून चिकटलेली. (अक्रोड उगवताना त्याची दळं, म्हणजे बियातले गराचे दोन भाग, जमिनीखाली कवचातच राहतात, वर येत नाहीत, म्हणून असं दिसतं.) कवच दिसलं म्हणजे कलम नाही असं लगेच म्हणता येत नाही बरं का, कारण कलमाचा खुंटही बियापासूनच वाढवतात. पण कवच आहे आणि वर सांधा कुठंच नाही म्हणजे हे सरळ बियाचं रोप, त्याच्यात वाद नाही.

आणि त्यानं फरक काय पडतो तर सगळाच पडतो. चँडलर ही कॅलिफोर्निया विद्यापीठानं १९७९ मध्ये बाजारात आणलेली जात आहे, ती कलमानंच पुढं जाते. चँडलरचं फळ पेरलं तर जे उगवतं ते चँडलर नसतं, आपापल्या वळणाचं कुठलंतरी अक्रोड असतं. कागदीचं पण तेच, पातळ कवचाचं बी लावलं म्हणजे पातळ कवचाचं फळ मिळेल असं काही नाही, दगडानं फोडावं लागेल असंही निघू शकतं. कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षी थोडंफार धरायला लागतं, बियाच्या झाडाला आठ-दहा वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त, आणि हे मी काश्मीर-हिमाचलच्या हवेतलं सांगतोय. आपल्या देशातलं नव्वद टक्क्यांच्या वर अक्रोड जम्मू-काश्मीरचं, तिथली जुनी झाडं बरीचशी बियाचीच आहेत, आज्यानं लावायचं आणि नातवानं झोडपायचं असा तो मामला.

अक्रोडाचं कलम स्वस्तात येतच नाही, हे कोणी सांगत नाही. संत्र्याचा डोळा धरतो तसा हा चटकन धरत नाही. कापलं की खोडातून पाणी गळतं, जखम भरून सांधा जुळायला २६-२७ डिग्रीची सारखी ऊब लागते आणि हवेत ओल लागते, म्हणून तिकडे पॉलीहाऊसमध्ये करतात आणि तरी बरीच वाया जातात. एवढं करून ते कलम कुरिअरनं विदर्भात ७९९ ला कोण देईल? रेट बघूनच कळायला पाहिजे.

मी फोटो काढून त्यांच्या व्हॉट्सअॅपवर टाकले आणि विचारलं की सांधा दाखवा. उत्तर आलं, "सर, प्लांट स्लीपिंग मोडमध्ये आहे, कृपया धीर धरा." मी म्हटलं झोपलंय ते मला माहिती आहे, कलम कुठंय ते सांगा. मग परत तेच उत्तर, शेवटी हात जोडल्याचा इमोजी. त्यांची अट अशी की तक्रार ४८ तासांत करायची. आता मला सांगा, जानेवारीत पाठवलेली उघडी काडी फुटणार की नाही हे मार्चशिवाय कळत नाही आणि तक्रारीला मुदत ४८ तास, म्हणजे ग्राहकाला कळायच्या आधीच मुदत खल्लास. अट लिहिणारा हुशार माणूस आहे. पैसे परत नाहीच मिळाले, पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट असलेलं कूपन दिलं, ते तसंच पडलंय.

तरी रोप लावलं. मार्च लागता लागता शेंड्यावरची काळपट जाड कळी सुटली आणि आतून तांबूस, लव असलेली कोवळी पानं निघाली, नंतर हिरवी झाली. तेव्हा खात्री पटली की जात कुठलीही असो, झाड अक्रोडाचंच आहे. ओळखायचं असेल तर एका देठावर समोरासमोर पानं आणि टोकाला एक एकटं पान, असं मिळून पाच ते नऊ, टोकाचं सगळ्यात मोठं, कडा गुळगुळीत. पान चुरगळलं की झणझणीत, जरा लिंबाकडे झुकणारा वास येतो, बोटाला बराच वेळ राहतो. आणखी एक पक्की खूण म्हणजे भेंड, फांदीच्या आतला मऊ गाभा. उन्हाळ्यात शेंड्याचा बोटभर तुकडा वाळला तो मी ब्लेडनं उभा चिरला, तर आत भेंड सलग नाही, शिडीच्या पायऱ्यांसारखे बारीक बारीक आडवे पडदे आणि मध्ये पोकळी. मुलगी तो तुकडा कंपासपेटीत घालून शाळेत घेऊन गेली, गुरुजींनी तो ठेवून घेतला असं म्हणते.

ही ओळख एवढी लांबण लावून सांगायचं कारण आमचे शेजारचे काकाजी. त्यांनी एका कृषी प्रदर्शनाच्या बाहेर टेम्पोवाल्याकडून "अक्रोड" घेतलं होतं, दीडशे रुपयाला, मला म्हणे, "तुयी कंपनी लुटते बाप्पा, माह्या पाह्य, दीडशेत आनलं अन कसं तरारलं." आणि खरंच त्यांचं झाड माझ्या दुप्पट वाढलं, उन्हाळ्यातही हटलं नाही. पण त्याचं पान एकेकटं, रुंद, तीन-पाच टोकं असलेलं, कोवळ्या पानावर पांढुरकी लव. ते अक्रोड नाहीच. त्याला जंगली अक्रोड म्हणतात, एरंडाच्या कुळातलं झाड, मूळ इंडोनेशिया-मलेशियाकडचं, हवाई बेटांचं तर ते राज्यवृक्ष आहे. त्याच्या बियांत तेल इतकं की पूर्वी तिकडचे लोक त्याचे दिवे लावायचे. इंडोनेशियात ते भाजून-शिजवून मसाल्यात वाटतात, पण कच्चं खाल्लं तर ओकाऱ्या आणि जुलाब. दिसायला फळ आतून थोडं अक्रोडासारखं, म्हणून नाव पडलं आणि त्या नावावर टेम्पोवाले धंदा करतात. झाड म्हणून वाईट नाही, सावली छान देतं, फक्त लहान पोरं असलेल्या घरात "अक्रोड आलं" म्हणून कोणी कच्चं फोडून खाऊ नये. काकाजींना मी हे सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं मी जळतो.

नंतर बोलायला लागले आणि त्यांनीच तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. "याले ताण देऊन पाह्य ना, संत्र्याले देतो तसा. बहार कसा फुटत नाही ते पाहू." संत्रेवाल्याच्या डोक्यात हे येणारच. आंबिया बहारासाठी आपण पाणी तोडतो, थंडी आणि ताण दोन्ही मिळून झाड विश्रांतीला जातं, मग जानेवारी-फेब्रुवारीत पाणी दिलं की फुलतं. अक्रोडाला पाणी तोडून काही होत नाही. त्याला थंडीच लागते आणि ती तासांवर मोजतात, म्हणजे साधारण ७ डिग्रीच्या खाली किती तास गेले ते. जातीप्रमाणे कमी-जास्त, पण बहुतेक चांगल्या जातींना ७०० ते १००० तास पाहिजेत, काहींना आणखी जास्त. तेवढी थंडी झाली की कळीतली झोप मोडते, नाही झाली तर झाड उन्हाळ्यात अर्धवट जागं होतं, अर्ध्या कळ्या फुटतात अर्ध्या फुटतच नाहीत, फांद्या उघड्या राहतात.

आता आपला हिशोब करा. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा साधारण दहा-बाराला असतो, लाट आली की खाली जातो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूर ३.५ पर्यंत उतरलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल, कपाशीवाले आणि तूरवाले तर विसरणार नाहीत. पण अशा रात्री किती आणि त्यातले तास किती? अगदी सढळ हातानं धरू, हंगामात वीस रात्री ७ च्या खाली गेल्या आणि प्रत्येक रात्री पाच तास राहिल्या, झाले १०० तास. दुपारी पुन्हा २८ डिग्री. पाहिजेत ७००. ही तूट खतानं भरत नाही, फवारणीनंही एवढी भरत नाही.

मग कोणीतरी म्हणतं चिखलदऱ्याला लावू, तिथं थंडी असते. असते, तिथल्या मोथा गावाला स्ट्रॉबेरी होते हे पण खरं. पण चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या आसपास आणि तिथं कॉफी होते, आणि कॉफी हे कडाक्याची थंडी न सोसणारं झाड. ज्या मातीत कॉफी वर्षानुवर्षं सुखात आहे तिथं अक्रोडाला पोटभर थंडी मिळत असेल असं मला तरी वाटत नाही. काश्मीर-हिमाचलात अक्रोड घेतात त्या पट्ट्यात महिनोन्महिने बर्फाची हवा असते.

दुसरा युक्तिवाद कॅलिफोर्नियाचा. वेबसाइटवाल्यानंही तोच केला, की सर तिकडं पण ४० डिग्री असतं. हो असतं, तिथल्या खोऱ्यात उन्हाळा कडक आहे आणि जगातलं ढीगभर अक्रोड तिथं पिकतं. पण तिथं हिवाळ्यात दाट धुक्यात दिवसच्या दिवस थंडगार जातात, तास भरतात. आणि उन्हाचं म्हणाल तर ३८ च्या वर गेलं की तिथंही फळं भाजतात, गर काळा पडतो, म्हणून लोक झाडावर पांढऱ्या मातीचा फवारा मारतात. आपलं मे महिन्यातलं ४५-४६ कुठं आणि ते कुठं. सफरचंदाचं पण लोक उदाहरण देतात, हिमाचलच्या बिलासपूरच्या शेतकऱ्यानं काढलेली एचआरएमएन-९९ जात गरम भागात येते ना, मग अक्रोड का नाही. अहो ती कमी थंडीवर भागणारी जात म्हणूनच तर गाजली. अक्रोडात आपल्या उन्हाला आणि आपल्या बिनथंडीच्या हिवाळ्याला पुरून उरेल असं काही ह्या साइटी विकत नाहीत, फोटो मात्र काश्मीरच्या झाडाचा लावतात.

माझ्या रोपानं मे महिना कसा काढला ते सांगतो म्हणजे कल्पना येईल. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, रोज थोडी थोडी आत सरकत, शेवटी मधल्या शिरेजवळ तेवढं हिरवं राहिलं. हिरवी जाळी आधीच लावली होती, ती पुरेना, मग पश्चिमेकडून तुऱ्हाट्यांची (तुरीच्या वाळक्या काड्यांची) ताटी उभी केली, बुडाशी गव्हाच्या कुटाराचं आच्छादन जाड घातलं, संध्याकाळी पाणी. तरी शेंडा गेलाच. पाऊस पडल्यावर खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटलं. म्हणजे चिवट आहे, मरत नाही, पण वर्षातला वाढीचा काळ सगळा जीव वाचवण्यातच जातो. पहिली काही वर्षं तसंही ते वर कमी आणि खाली जास्त वाढतं, सोटमूळ सरळ खोल जातं, त्यामुळे वर काही दिसलं नाही तरी हातपाय गाळायचं कारण नाही. आणि त्याच सोटमुळामुळे कुंडीत ठेवायचा विचार करू नका. माझ्या रोपाचं मूळ पिशवीत वळसा घेऊन गुंडाळलेलं होतं, ते सरळ करताना एक फाटा तुटला, नर्सरीवाल्यानं वेळेत मोठ्या पिशवीत बदललं असतं तर हे झालं नसतं. त्याचे पण मार्क कापले आहेत.

मातीबद्दल आपल्या लोकांनी नीट ऐका, कारण इथं ऊन्हापेक्षा जास्त रोपं पावसाळ्यात जातात असा माझा अंदाज आहे. अक्रोडाला खोल, भुसभुशीत, पाणी झिरपणारी जमीन लागते. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात चिकट लगदा होते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळं तोडते. पाणी साचलं की बुडाशी फायटोप्थोरा लागतो. संत्र्याला ज्या बुरशीनं डिंक्या होतो तिचीच जात, म्हणजे शत्रू ओळखीचा आहे. मी जमिनीच्या वर दीड फूट उंच गादी केली, निम्मी माती निम्मा मुरूम आणि कुजलेलं शेणखत, चर काढून पाणी बाहेर सोडलं, आणि पावसाच्या तोंडावर खोडाला बोर्डो पेस्ट लावली, संत्र्याला लावतो तीच, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. (एका झाडासाठी दहा लिटर करू नका, बागेला करताना त्यातलीच उरलेली लावा.) पावसाळा बिनधोक गेला.

जागेचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पूर्ण वाढलेलं अक्रोड पन्नास-साठ फुटांच्या वर जाऊ शकतं आणि तेवढंच पसरतं. संत्रा आपण अठरा-वीस फुटांवर लावतो, अक्रोडाला तीस फूट पण कमी पडतात. घराच्या भिंतीला खेटून, विहिरीच्या काठावर, दोन संत्र्यांच्या मध्ये, असं लावू नका. आणि ते जे म्हणतात की अक्रोडाच्या खाली काही उगवत नाही, ती करामत खरी अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाची, त्याच्या मुळांतून जो रस निघतो त्यानं टमाटं, बटाटा, वांगी बसतात. आपल्या खायच्या अक्रोडात तो फार कमी असतो. माझ्या झाडापासून हाताच्या अंतरावर आईची वांगी आहेत, ती मजेत आहेत, झाडच वांग्यांच्या सावलीत बसलंय सध्या.

समजा एवढं सगळं वाचूनही तुम्हाला अक्रोडाचं झाड पाहिजेच, माझ्यासारखं, बघायला आणि पोरांना दाखवायला. तर ७९९ देऊ नका. नागपूरला इतवारीत सुकामेव्याच्या दुकानात कवचासकट अक्रोड मिळतात, हंगामात काश्मीरचे नवे आलेले मागा, कारण परदेशी माल बऱ्याचदा यंत्रावर गरम हवेत सुकवलेला आणि धुवून पांढरा केलेला असतो, तो उगवेलच असं नाही. पाचदहा निवडा, रात्रभर पाण्यात ठेवा, मग ओलसर वाळूत घालून डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवा, वाळू ओली पाहिजे पण पिळली तर पाणी निघायला नको. बाहेर काढलं की लांब पिशवीत दीड-दोन इंच खोल, आडवं ठेवून, कवचाची शिवण उभी येईल असं लावा. आणि वरून जाळी टाका, खारी उकरून नेतात, आमच्याकडच्या खारींना तर भुईमूग सोडून हे नवीन काहीतरी मिळालं म्हणून आनंदच झाला असता. मिळणारं रोप ह्या ऑनलाइनवाल्यासारखंच असेल, खर्च त्याच्या चौथ्या हिश्शात.

आणि धंद्यासाठी लावायचं असेल तर बाबांनो नका. एका एकराची रोपं म्हणजे रोपांचेच हजारो रुपये जातात, दहा वर्षं जमीन अडकते आणि शेवटी हातात काय तर पाला. सुकामेव्यातलंच काही पाहिजे तर आपल्या जंगलात चारोळी आहे, बिब्बा आहे. गोडंबीचा, म्हणजे बिब्ब्याच्या आतल्या गराचा, बाजारभाव जाऊन विचारा एकदा आणि मग अक्रोडाचं बोला. बिब्ब्याचं काम कष्टाचं, फोडताना उतला तर कातडी जाते हे मान्य, पण झाड इथलं आहे, ४५ डिग्रीत हसत उभं राहतं. आमच्या त्या दोघा-तिघांपैकी एकानं ह्या वर्षी बांधावर चारोळी लावली, एकानं ऑर्डर रद्द केली, तिसऱ्याला अजून वाटतं की मी मुद्दाम सांगत नाही, स्वतःच लावणार आहे. त्याला माझ्या सांदवाडीत आणून उभं केलं होतं, तो म्हणे पाणी कमी पडलं असेल.

तर माझे मार्क असे धरा. रोप खरं, पॅकिंग चांगलं, कुरिअरवाला पोरगा बिचारा फाट्यापासून चालत घेऊन आला, हे जमेला. कलम म्हणून बियाचं रोप, खोटी जात, वळलेलं मूळ, ४८ तासांची अट आणि "सर्व हवामानात" हे नावे. वाक्य बदलून त्यांनी "थंड प्रदेशासाठी, बियाचं रोप" असं लिहिलं आणि दोनशे रुपये घेतले तर मी आजही चार स्टार द्यायला तयार आहे.

ज्यांनी आधीच घेऊन लावलंय त्यांच्यासाठी एवढंच, की ह्या झाडाची पानं थंडीत गळतात, आपल्याकडे तर अनियमित गळतात, अर्धी नोव्हेंबरात अर्धी जानेवारीत, आणि घरातलं कोणीतरी वाळलं म्हणून उपटून चुलीत घालायला निघतंच. आधी नखानं साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर राहू द्या, मार्चअखेरपर्यंत वाट बघा, आणि पान नसेल त्या काळात पाणी अगदी बेतानं द्या, संत्र्याच्या ड्रिपच्या लाईनवर तर ते मुळीच जोडू नका.